फुकटात मिळणारा काळोख आणि विकत घेतलेला काळोख

प्रश्न असा विचारला गेला आहे: १९४० आणि १९५०च्या दशकांत अमेरिकेत कमी पैशांत काढलेले कळकट, काळोखे गुन्हेगारीपट आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात, मग त्यांच्या जुन्या प्रती, पोस्टरे आणि नव्याने दुरुस्त केलेल्या महागड्या डिस्क जमवण्यासाठी चांगली शहाणीसुरती माणसे पैसा, कपाटातली जागा आणि घरच्यांचा संयम का खर्ची घालतात? मुंबईतल्या एका फिल्म प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षे प्रती छापण्याचे काम केले आणि या सिनेमांच्या १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरच्या प्रती त्याच्याही आधीपासून जमवत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर रसिकाचे कमी आणि कारागिराचे जास्त असेल. फुकट मिळते ती बहुतेक वेळा त्या सिनेमाची चौथ्या-पाचव्या पिढीची नक्कल असते. आणि ज्या सिनेमाचा मुख्य मालच काळोख आहे, त्याच्या नकलेत सर्वांत आधी मरतो तो काळोख.

उदाहरणासाठी ‘डीटूर’ घेऊ. एडगर उल्मर या दिग्दर्शकाने १९४५ साली पीआरसी नावाच्या, हॉलिवूडच्या ‘गरीब आळी’तल्या, म्हणजे स्वस्त सिनेमे काढणाऱ्या छोट्या कंपन्यांपैकी एका कंपनीसाठी केलेला हा जेमतेम ६८ मिनिटांचा सिनेमा. न्यूयॉर्कचा एक पियानोवादक प्रेयसीला भेटायला वाटेत मिळेल त्या गाडीने कॅलिफोर्नियाला निघतो आणि लिफ्ट देणारा गृहस्थ वाटेतच मरतो, एवढीच कथेची गुंतवण. हा सिनेमा सहा दिवसांत उरकला अशी दंतकथा आहे; उपलब्ध कागदपत्रांवरून काम त्याहून बरेच अधिक दिवस चाललेले दिसते, परंतु पैसा बेताचाच होता यात वाद नाही. न्यूयॉर्कचा रस्ता बांधायला परवडत नव्हता, म्हणून धुके सोडून त्यात एक दिवा आणि रस्त्याची पाटी उभी केली. लिफ्ट मागण्याच्या काही दृश्यांत फिल्म उलटी छापली आहे. प्रवास पडद्यावर डावीकडे, म्हणजे नकाशाप्रमाणे पश्चिमेकडे चालला आहे असे दिसावे हा त्यामागचा हेतू. त्यामुळे अमेरिकेतल्या मोटारी क्षणभर आपल्याकडच्यासारख्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि चालक उजवीकडे बसलेला दिसतो.

हा सिनेमा फुकट का झाला, हेही कळायला हवे. अमेरिकेच्या १९०९च्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क प्रथम २८ वर्षांचा मिळे आणि अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून तो वाढवून घ्यावा लागे. मोठ्या स्टुडिओंकडे हे काम करणारे कारकून होते. पीआरसी तर १९४०चे दशक संपण्याआधीच दुसऱ्या कंपनीत विरून गेली होती. अर्ज झाला नाही आणि सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला. त्यानंतर ज्याच्या हाती जी प्रत लागली, तिच्यावरून त्याने नवी प्रत काढली, त्या प्रतीवरून तिसऱ्याने व्हिडिओ कॅसेट काढली, कॅसेटवरून चौथ्याने डिस्क काढली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या सिनेमाचे नाव आले तेव्हाही तो लोकांना दिसत होता तो असाच धुतलेल्या फडक्यासारखा. अखेर २०१८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या चित्रपट संग्रहालयाने आणि फिल्म फाउंडेशनने तो नव्याने उभा केला. त्यासाठी मुख्य आधार मिळाला तो ब्रुसेल्सच्या सिनेमॅथेक या चित्रपट संग्रहालयातल्या प्रतीचा. तिच्यावर छापून बसलेली फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षके संगणकाच्या साहाय्याने काढून टाकावी लागली. ती आवृत्ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा पंचवीस वर्षे माहीत असलेल्या एका खोलीच्या भिंतीवर नक्षी आहे, हे मला नव्याने कळले.

आता हे का घडते ते सांगतो, कारण संग्राहकाचे सगळे वेड या एका गोष्टीवर उभे आहे. कृष्णधवल फिल्मवरचे चित्र चांदीचे असते. जिथे प्रकाश पडला तिथे विकसनानंतर धातुरूप चांदीचे कण उरतात आणि बाकीची चांदी धुऊन निघते. मूळ निगेटिव्हवरून थेट काढलेल्या प्रतीत काळ्या भागातसुद्धा पायऱ्या असतात: कोटाचा काळा वेगळा, टोपीच्या कडेखालचा काळा वेगळा, मागच्या दाराच्या फटीतला काळा आणखी वेगळा. या प्रतीवरून ड्यूप, म्हणजे नकलेसाठीचे दुय्यम निगेटिव्ह काढले आणि त्यावरून पुन्हा प्रत छापली की प्रत्येक टप्प्यावर कणांवर कण चढतात, कडा बोथट होतात आणि फार काळजी घेतली नाही तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, वाढत जातो. त्यामुळे जवळजवळचे काळे एकमेकांत मिसळून एकच डांबराचा गोळा होतो. छापणाऱ्याने तो टाळण्यासाठी प्रत फिकी काढली, तर सगळेच राखाडी होते. कौटुंबिक विनोदी सिनेमा या अपघातातून जगतो, कारण तिथे चेहरे दिसले आणि संवाद ऐकू आले की भागते. अर्धा पडदा मुद्दाम अंधारात ठेवणाऱ्या सिनेमाचे तसे भागत नाही.

जॉन आल्टन या छायाचित्रकाराचे काम त्यासाठी पाहावे. हंगेरीत जन्मलेला हा माणूस थोडे दिवे वापरून, तेही अनपेक्षित जागी ठेवून काम करण्याबद्दल प्रसिद्ध होता आणि प्रकाशयोजनेवरचे त्याचे पुस्तक १९४९ मध्ये निघाले. अँथनी मान दिग्दर्शित ‘टी-मेन’ (१९४७) मध्ये एका माणसाला वाफेच्या स्नानगृहात कोंडून मारतात. या सिनेमाची १६ मिलिमीटरची प्रत मी १९९०च्या दशकात परदेशातल्या एका विक्रेत्याकडून टपालाने मागवली. त्याने ती ‘मूळ’ म्हणून विकली होती आणि मी तेव्हा अजून भाबडा होतो. पडद्यावर पाहिले तर वाफ म्हणजे पांढरा डाग आणि माणूस म्हणजे त्यावरचा काळा डाग. काही वर्षांनी याच सिनेमाची चांगली प्रत एका परिचिताकडे पाहायला मिळाली. तिच्यात वाफेला थर होते, थरांमागे काच होती आणि काचेपलीकडे थंडपणे पाहणाऱ्या खुन्याचा चेहरा स्पष्ट ओळखू येत होता. त्या प्रसंगाची भीती सगळी त्या काचेत आहे. माझ्या प्रतीत काचच नव्हती, म्हणजे प्रसंगच नव्हता. एकाच सिनेमाच्या चार-चार प्रती माणूस का जमवतो, याचे माझ्यापुरते उत्तर त्या संध्याकाळी मिळाले.

१६ मिलिमीटरच्या चौकटीचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या पावाहूनही थोडे कमी असते, तेव्हा संग्राहकाच्या घरातली प्रत चित्रपटगृहातल्या प्रतीची बरोबरी कधीच करू शकत नाही. तरीही हौशी मंडळी तिच्याकडे वळली, याचे कारण व्यवहारी आहे. १९५०च्या सुमारापर्यंत चित्रपटगृहांसाठीची ३५ मिलिमीटर फिल्म नायट्रेटची, म्हणजे भडका उडणारी असे; १६ मिलिमीटर मात्र १९२३ मध्ये आली तेव्हापासूनच सुरक्षित ॲसिटेटवर निघत होती आणि ६८ मिनिटांचा सिनेमा तिच्या दोन रिळांत बसतो. अमेरिकी दूरचित्रवाणी केंद्रांना रात्री उशिरा दाखवण्यासाठी या सिनेमांच्या प्रती मोठ्या संख्येने पुरवल्या गेल्या आणि केंद्रांनी त्या टाकून दिल्यावर त्यांतल्या काही हौशी लोकांच्या हाती आल्या. या प्रतींना आपापला इतिहास असतो. आरकेओ स्टुडिओचा साठा १९५५च्या अखेरीस दूरचित्रवाणीसाठी विकला गेला, तेव्हा घेणारी कंपनी डबाबंद कोला विकणाऱ्या उद्योगाची होती. तिने सुरुवातीचा आरकेओचा प्रसिद्ध रेडिओ मनोरा काढून तिथे स्वतःचे नाव चिकटवले. अशी प्रत पडद्यावर सुरू होताच जाणकार मंडळी हसतात. त्या काळी असा संग्रह करणे कायद्याच्या दृष्टीने धूसरच होते: १९७४ मध्ये अभिनेता रॉडी मॅकडॉवलच्या घरातल्या फिल्म एफबीआयने जप्त केल्या आणि पुष्कळ हौशी लोकांनी आपले डबे रातोरात नातेवाइकांकडे हलवले, असे जुने लोक सांगतात.

या सिनेमांचा कळकटपणा मुद्दाम आणलेला होता की परिस्थितीने आला, हा वाद न संपणारा आहे. माझे मत परिस्थितीकडे झुकते. त्या काळात एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत. मुख्य सिनेमाच्या उत्पन्नात निर्मात्याचा टक्केवारीने वाटा असे, पण जोडीच्या दुसऱ्या सिनेमाला ठरावीक भाडे मिळे. तो कितीही चालला तरी उत्पन्न वाढणार नाही हे आधीच ठरलेले असल्यामुळे खर्च कमी करणे हाच नफ्याचा एक मार्ग उरत असे. म्हणून लांबी तासाभराची, नट दुय्यम, सेट दुसऱ्या सिनेमाचे उरलेले. आणि उरलेला सेट ओळखू येऊ नये म्हणून दिवे कमी. मात्र अशा बी वर्गाच्या सिनेमाकडे वरिष्ठांचे फारसे लक्ष नसे, हा त्यातला मोठा फायदा. ‘गन क्रेझी’ (१९५०) मध्ये जोसेफ लुईस या दिग्दर्शकाने बँकेवरचा दरोडा मोटारीच्या मागच्या आसनावर कॅमेरा ठेवून, एकही काटछाट न करता, तीन मिनिटांहून अधिक लांबीच्या एकाच तुकड्यात घेतला. बँकेच्या आत काय घडते ते आपल्याला दिसतच नाही. गाडी उभी करायला जागा मिळेल का, या साध्या काळजीने पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. बँकेचा सेट बांधायला पैसे असते तर हा तुकडा जन्मालाच आला नसता.

यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘काळा सिनेमा’, हे नाव मिळाले तेही परक्यांकडून. जर्मन ताब्याच्या वर्षांत फ्रान्समध्ये अमेरिकी सिनेमे आले नव्हते. युद्ध संपल्यावर १९४६च्या उन्हाळ्यात ते एकदम आले आणि त्यांतला सामायिक काळोख नीनो फ्रँक या समीक्षकाच्या नजरेत भरला. हॉलिवूडच्या दृष्टीने हे नुसते ‘मेलोड्रामा’ होते. मला यात संग्राहकाच्या आनंदाचे एक बीज दिसते. आपण काही थोर करतो आहोत याची जाणीव करणाऱ्यांना नव्हती, आणि तुमच्या हातातल्या पोस्टरवर, जाहिरातपत्रकावर, डब्यावरच्या चिठ्ठीवर त्या अजाणतेपणाचा पुरावा असतो.

पोस्टरांचे सांगायचे तर तो वेगळा धंदा आहे आणि त्यात फसवणूकही वेगळी आहे. त्या काळचे अमेरिकी ‘वन-शीट’ पोस्टर २७ बाय ४१ इंचांचे असे आणि चित्रपटगृहांच्या आतल्या दालनात, म्हणजे लॉबीत, लावण्याची ‘लॉबी कार्डे’ ११ बाय १४ इंचांची, सहसा आठांच्या संचात. १९४०च्या दशकापासून यांचे वितरण बहुतांशी नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही एकच कंपनी करीत असे. पोस्टराच्या तळाशी तिचा क्रमांक छापलेला असतो आणि त्यातले पहिले दोन आकडे वर्ष सांगतात. पुनःप्रदर्शनाच्या वेळच्या पोस्टरावर आकड्याआधी ‘आर’ हे अक्षर येते. पोस्टर घडी घालून पाठवत, चित्रपटगृहाने ते परत करायचे असे आणि लोकांना ते विकले जात नसे. म्हणूनच १९४८ सालचे, एकही घडी नसलेले, पाठीला कापड न लावलेले गुळगुळीत पोस्टर कोणी दाखवले तर आधी खिशावर हात ठेवावा. ‘गन क्रेझी’ प्रथम ‘डेडली इज द फीमेल’ या नावाने प्रदर्शित झाला होता आणि दोन्ही नावांची पोस्टरे आहेत. बाजारात दोन्ही समोरासमोर आली की कोणते खरे पहिले यावर अर्धा तास सहज जातो. चित्रांबद्दल म्हणाल, तर ती बहुधा खोटीच असतात. पोस्टरावरची पिवळ्याधमक पार्श्वभूमीवरची लाल झग्यातली बाई सिनेमात करड्या कोटात वावरते आणि तिच्या हातात पिस्तूल असेलच असे नाही.

या सिनेमांचे जगणे-वाचणे योगायोगावर होते, आणि हीच बाब मला सर्वांत जास्त खेचते. ‘वुमन ऑन द रन’ (१९५०) हा सॅन फ्रान्सिस्कोत घडणारा सिनेमा २००३ मध्ये त्याच शहरातल्या न्वार महोत्सवात दाखवला गेला. ती प्रत युनिव्हर्सल स्टुडिओच्या साठ्यातली होती. २००८ मध्ये तिथे लागलेल्या आगीत ती गेली. पुढे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे साहित्य सापडले म्हणून हा सिनेमा आज नीट पाहता येतो. ‘टू लेट फॉर टिअर्स’ (१९४९) हाही निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे जुळवून २०१४ मध्ये उभा राहिला. ‘किस मी डेडली’ (१९५५) तर कित्येक वर्षे चुकीच्या शेवटासह फिरत होता: प्रतींमधून शेवटचा मिनिटभराचा भाग गळल्यामुळे नायक-नायिका जळत्या घरात मेले असाच प्रेक्षकांचा समज झाला होता. मूळ शेवट १९९७ मध्ये परत जोडला गेला आणि त्यात ती दोघे समुद्राच्या पाण्यात धडपडत बाहेर पडलेली दिसतात. एखाद्या अडगळीतल्या डब्यात असा एखादा मिनिट आपल्यालाही सापडेल, ही आशा प्रत्येक संग्राहक मनात बाळगून असतो. बहुतेकांना तो सापडत नाही.

शिवाय या सिनेमांत शहरे सापडतात. पैसा नसल्यामुळे आणि युद्धानंतर हलके कॅमेरे हाताशी आल्यामुळे चित्रीकरण रस्त्यावर जाऊ लागले. लॉस एंजेलिसमधला बंकर हिल हा जुन्या लाकडी घरांचा, स्वस्त खोल्यांचा डोंगराळ भाग १९६०च्या दशकात पाडून सपाट केला गेला. ‘क्रिस क्रॉस’ (१९४९) आणि ‘किस मी डेडली’मध्ये त्याचे जिने, गल्ल्या आणि कठडे आहेत तसे उरले आहेत.

हे वाचताना आपल्याकडची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्यांनी लहानपणी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा दिवसाला एक या वेगाने वाचल्या, त्यांना हे आकर्षण समजावून सांगावे लागत नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची स्वस्त कागदावरची पुस्तके वाचून, फाडून, रद्दीत गेली आणि जी राहिली त्यांच्यासाठी आता धावाधाव होते. मुंबईच्या हिंदी गुन्हेगारीपटांचेही तेच. ‘बाजी’ (१९५१) ते ‘सी.आय.डी.’ (१९५६) या काळात अमेरिकी न्वारची छाया मुंबईच्या जुगारअड्ड्यांवर आणि ओल्या रस्त्यांवर पडली. ‘सी.आय.डी.’चे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे आहे, आणि त्याच्या एका गाण्यात ज्या ट्रामचा उल्लेख येतो ती मुंबईतून १९६४ मध्ये कायमची गेली. योगायोगाने त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तोवर आपल्याकडच्या असंख्य प्रती चांदी काढून घेण्यासाठी भट्टीत गेल्या होत्या. प्रयोगशाळेतला माणूस म्हणून मला त्यात एक विचित्र न्याय दिसतो: जितका सिनेमा काळोखा, तितकी त्याच्या प्रतीत चांदी जास्त, आणि तितकी ती वितळवणाऱ्याला प्रिय.

सुरुवात करणाऱ्याला कामाच्या काही गोष्टी सांगतो. प्रत विकत घेताना आधी डबा उघडून वास घ्या. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट कुजायला लागले आहे. ती प्रक्रिया थांबत नाही, फक्त थंड आणि कोरड्या जागी मंदावते, आणि असा डबा इतर डब्यांपासून ताबडतोब वेगळा ठेवावा लागतो. मुंबईच्या हवेत हे फार लवकर होते. मी स्वतः दोन प्रती माळ्यावर, पत्र्याखाली ठेवून घालवल्या आहेत आणि त्याचा दोष माझाच. डब्यात ठेवण्याच्या निळ्या चाचणीपट्ट्या मिळतात. आम्लाने त्या हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. फिल्म आक्रसली आहे का हे पाहण्यासाठी ती नव्या फिल्मशेजारी ठेवून कडेची शंभर भोके मोजावीत: शंभराव्या भोकाला एका भोकाचा फरक पडला तर आक्रसणे एक टक्का झाले आणि ती प्रोजेक्टरवर चढवू नये. प्रत ड्यूप आहे का हे ओळखायची माझी पद्धत अशी: प्रतीवर बसलेली धूळ पडद्यावर काळी दिसते आणि पुसली की जाते, न पुसता येणारे पांढरे ठिपके म्हणजे आधीच्या पिढीतल्या निगेटिव्हवरची धूळ छापून आलेली असते. चरा दिसतो पण नखाला लागत नाही, तोही तसाच छापून आलेला. असे ठिपके आणि चरे थरावर थर दिसू लागले की विक्रेता ‘मूळ’ म्हणो की आणखी काही, किंमत निम्म्याने कमी करून बोलावी.

पहिल्याच दिवशी प्रत आणि प्रोजेक्टर मात्र घेऊ नका. ‘डीटूर’ची दुरुस्त केलेली डिस्क मिळवा, इंटरनेटवरची एखादी फुकट आवृत्ती उघडा, खोलीतले दिवे मालवा आणि दोन्हींत धुक्यातल्या रस्त्याचे तेच दृश्य पाठोपाठ पाहा. फरक दिसला नाही, तर हा खर्च तुमच्यासाठी नाही. दिसला, तर मला पुन्हा लिहा. पडद्याचे कापड कुठे चांगले मिळते ते तेव्हा सांगेन.